बाजूला काढलेला बलक

आमची सकाळची टेकडी साडेसहाला संपते. खाली उतरल्यावर कोपऱ्यावर एक गाडी उभी असते. तिच्यावर चहा, पोहे, बटाटेवडे आणि एका पातेल्यात उकडलेली अंडी. आमच्या गटात आठ-नऊ जण आहेत, बहुतेक निवृत्त, आणि प्रत्येकाच्या खिशात कुठली ना कुठली गोळी. त्यांतले एक सद्गृहस्थ रोज दोन अंडी घेतात, सोलतात, मधोमध कापतात आणि पिवळा बलक दोन बोटांनी अलगद उचलून गाडीखालच्या कुत्र्यापुढे टाकतात. पांढरे तेवढे मीठ-मिरपूड लावून खातात. त्यानंतर दोन गरम वडे, आणि वर भरपूर साखरेचा चहा. परवा मला अख्खे अंडे खाताना पाहून ते कळवळून म्हणाले, ''अहो, या वयात बलक? हार्टचा तरी विचार करा!''

कुत्रा मात्र चांगला तुकतुकीत झाला आहे.

मी तेव्हा हसण्यावारी नेले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य कानात राहिले, कारण ते मी चाळीस वर्षांपूर्वी आमच्याच घरात ऐकलेले होते.

माझे बालपण साताऱ्यात गेले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते सरकारी कचेरीत कारकून होते. घर पूर्ण शाकाहारी. अंडे आमच्याकडे शिरले ते औषध म्हणून. मी चार वर्षांचा असताना अण्णांना विषमज्वर झाला. ताप उतरला तरी अशक्तपणा जाईना, तेव्हा डॉक्टरांनी रोज सकाळी एक अंडे दुधात फेटून घ्यायला सांगितले. आईने मान्य केले, पण अंडे स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाही या अटीवर. परसात न्हाणीघराच्या भिंतीशी एक स्टोव्ह, एक ॲल्युमिनियमचे पातेले आणि एक वेगळा तवा, असा स्वतंत्र संसार थाटला गेला. अशक्तपणा गेला, अंडे राहिले. रविवारी सकाळी अण्णा लुंगी खोचून स्वतः आम्लेट करत. टरफले वर्तमानपत्रात गुंडाळून, अंधार पडल्यावर, कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकायचे काम माझे. शेजाऱ्यांना सगळे ठाऊक होते, पण गुंडाळी चुकत नसे.

१९८५ साली अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका शाखेत होतो. तार मिळाल्यावर रात्रीच्या एस.टी.ने निघालो. दहा दिवसांनी अण्णांना घरी सोडताना डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. अंडी बंद. तूप-लोणी कमी. मीठ कमी. धूम्रपान बंद. ही चिठ्ठी आईने वाचली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसले. आज हे लिहिताना बरे वाटत नाही, पण दिसले खरे. तेवीस वर्षे परसात धुमसत असलेल्या एका प्रकरणाचा निकाल डॉक्टरांनी तिच्या बाजूने दिला होता. त्याच आठवड्यात स्टोव्ह आणि तवा भांडेवालीच्या टोपलीत गेले.

अण्णांनी अंडे सोडले ते कायमचे. पुढच्या आठ वर्षांत त्यांनी एकदाही हात लावला नाही. सिगारेट त्यांनी दोन महिने सोडली, मग ती दिवसाला दोन, मग चार, आणि मग कोणी मोजेनासे झाले. आम्ही बोललो तर म्हणायचे, ''अंडी सोडली ना मी! आता सगळंच सोडू का?'' संकष्टीला साबुदाण्याची खिचडी आणि वर तळलेले वडे असत, त्याविषयी तर कोणाच्याच मनात शंका नव्हती. उपासाचे ना ते! १९९३ च्या जानेवारीत दुसरा झटका आला आणि अण्णा बासष्टाव्या वर्षी गेले. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात अर्धे पाकीट होते.

बँकेत अडतीस वर्षे काढल्यामुळे मला एक खोड जडली आहे. खात्यात एखादी नोंद दिसली की ती मुळात कुठून आली, कोणी केली, कशाच्या आधारावर केली, हे मागे जाऊन पाहायचे. निवृत्त झाल्यावर सवड मिळाली, तेव्हा अण्णांच्या चिठ्ठीवरची पहिली ओळ मी अशीच मागे मागे शोधत गेलो.

तिचा उगम रशियात सापडतो. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह नावाच्या तरुण संशोधकाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले. सशांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल भराभर वाढले आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला मेदाचे थर बसले, अगदी हृदयरोगी माणसाच्या वाहिनीत दिसावेत तसे. शोध मोठा होता आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे. रक्तात एल.डी.एल. कोलेस्टेरॉल वाढले की वाहिन्या अरुंद होतात, यात आता वाद राहिलेला नाही. परंतु ससा गवत खाणारा प्राणी. त्याच्या जन्माच्या खाण्यात कोलेस्टेरॉल हा पदार्थच नाही, कारण तो वनस्पतीत जवळजवळ नसतोच. तो पोटात आला तर त्याचे काय करायचे, हे सशाच्या शरीराला उमगत नाही. हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला तेव्हा तसे काही सहजी घडले नाही. पण लक्षात राहिला तो ससा.

१९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सल्ला दिला की माणसाने दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कोलेस्टेरॉल खाऊ नये आणि आठवड्याला तीनहून अधिक बलक खाऊ नयेत. एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम असते, म्हणजे दोन अंड्यांत मर्यादा ओलांडली. मग १९८४ साल आले. जानेवारीत एका मोठ्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३,८०६ पुरुषांपैकी निम्म्यांना कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध देण्यात आले होते आणि त्यांच्यात हृदयविकाराचे झटके कमी आले. मार्चमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने या विषयावर मुखपृष्ठ केले. पांढऱ्या ताटलीत दोन तळलेल्या अंड्यांचे डोळे आणि खाली वाकलेली बेकनची पट्टी हे तोंड, असा एक रडवेला चेहरा. ते चित्र जगभर गेले. चाचणी औषधाची होती, अंड्याची नव्हती. तरी मुखपृष्ठावर बसले ते अंडेच. पुढच्याच वर्षी साताऱ्यातल्या एका चिठ्ठीवर ते पहिल्या ओळीत आले.

आता शरीराचा हिशेब कसा चालतो ते पाहू. रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल आपण खात नाही. ते आपले शरीर स्वतः तयार करते, आणि त्यात मोठा वाटा यकृताचा. शरीराला ते हवेच असते. पेशींची आवरणे, काही संप्रेरके, पित्तरस हे त्याच्याशिवाय होत नाहीत. बाहेरून जास्त आले तर बहुतेक माणसांचे यकृत आपले उत्पादन कमी करते आणि आतडीही कमी शोषून घेतात. १९९१ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत प्रसिद्ध झाली होती. ते रोज पंचवीस अंडी खात आणि त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल तरीही ठीक होते. तपासणीत दिसले की त्यांचे शरीर फार थोडे शोषून घेत होते आणि उरलेले पित्तावाटे बाहेर टाकत होते. यावरून कोणी पंचवीस अंड्यांचा ट्रे आणू नये. एक कर्जदार वेळेवर हप्ते भरतो म्हणून अख्खी योजना चांगली ठरत नाही, हे मी अनेक इन्स्पेक्शन रिपोर्टांत लिहिलेले आहे. तीन-चार माणसांमागे एखाद्याचे रक्त अंड्याने इतरांपेक्षा अधिक चढते, हेही तितकेच खरे.

रक्तातले एल.डी.एल. गोळा करून आत घेणारे काही ग्राहक यकृताच्या पेशींवर असतात. हे शोधून काढल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ साली, म्हणजे नेमके अण्णांच्या झटक्याच्या वर्षी, नोबेल मिळाले. तूप, लोणी, वनस्पती तूप, चरबीयुक्त मांस यांतली संपृक्त चरबी या ग्राहकांचे काम मंदावते, आणि मग एल.डी.एल. रक्तात फिरत राहते. रक्त चढवण्यात खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा या चरबीचा हात मोठा. अंड्यात ती दीड ग्रॅम असते. लोण्याच्या एका मोठ्या चमच्यात सात ग्रॅम. अमेरिकन माणूस अंडे लोण्यात तळून बेकनबरोबर खाई. आपल्याकडे रात्रीच्या गाडीवरची भुर्जी बघा. तव्यावर तेलाचे तळे, वर लोण्याचा गोळा, त्यातच परतलेले मैद्याचे चार पाव. घरी जाऊन माणूस सांगतो, ''आज अंडं खाल्लं, जरा जड झालं.''

बलक फेकणाऱ्या आमच्या मित्रासाठी आणखी एक तपशील. अंड्यातल्या सहा ग्रॅम प्रथिनांपैकी अडीचहून थोडी अधिक बलकात असतात. ड जीवनसत्त्व, कोलीन आणि डोळ्यांना उपयोगी पडणारे पिवळे घटक बलकातच असतात, बी-१२ ही मुख्यतः तिथेच. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ आणि ड यांची इंजेक्शने आणि पुड्या किती चालतात, ते औषधाच्या दुकानदाराला विचारा.

मग शास्त्रज्ञ एकदाचे ठाम का सांगत नाहीत, असा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही पडला होता. १९९९ साली अमेरिकेत सुमारे १ लाख १८ हजार स्त्री-पुरुषांच्या पाहणीतून दिसले की रोज एका अंड्यापर्यंत खाणाऱ्या निरोगी माणसांत हृदयविकार अधिक आढळत नाही. त्याच पाहणीत मधुमेह असणाऱ्यांत मात्र तो अधिक दिसला. २०१५ ते २०२० साठीच्या अमेरिकन सरकारी आहारसल्ल्यातून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा निघून गेली आणि सगळीकडे अंडे निर्दोष सुटल्याच्या बातम्या आल्या. २०१९ साली पुन्हा एक पाहणी आली. जवळपास तीस हजार माणसे, साडेसतरा वर्षे. निष्कर्ष असा की रोज अर्धे अंडे जास्त खाणाऱ्यांना धोका थोडा जास्त. २०२० साली ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात सतरा लाखांहून अधिक माणसांची आकडेवारी एकत्र मांडली गेली आणि रोज एका अंड्यापर्यंत धोका दिसत नाही असे ठरले.

या उलटसुलटपणाने माझा मित्र चिडतो. मी चिडत नाही, कारण मी कर्जाचे अर्ज तपासले आहेत. अर्जदार आपले उत्पन्न स्वतः लिहितो आणि आपण त्यावर कर्ज मंजूर करतो. या पाहण्यांतही माणसे आपला आहार स्वतःच आठवून लिहितात. २०१९ च्या पाहणीत तर तो सुरुवातीला एकदाच विचारला होता. साडेसतरा वर्षांपूर्वी मी काय खात होतो ते मला आज सांगता येणार नाही. शिवाय ज्या माणसाला अंडे वाईट असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, तो काळजी करणारा असेल तर अंडे सोडतो, तंबाखूही सोडतो आणि फिरायलाही जातो. बेफिकीर माणूस सगळेच चालू ठेवतो. मग दोष कोणाच्या खात्यावर टाकायचा? संशोधक गणिताने हे वेगळे काढतात, पण गणितालाही अर्जातल्या माहितीवरच भागवावे लागते.

विकणाऱ्यांकडेही थोडे पाहायला हवे. अमेरिकेत १९७० च्या दशकात अंडी उत्पादकांच्या एका मंडळाने, अंड्याने हृदयविकार वाढतो याला काही पुरावाच नाही, अशा जाहिराती दिल्या. तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने त्यांना न्यायालयात खेचले आणि आयोग जिंकला. आपल्याकडे १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने अंडी उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली. तिची दूरदर्शनवरची रविवार-सोमवारची जाहिरात माझ्या पिढीला तोंडपाठ आहे. समितीमुळे शेतकऱ्याला भाव मिळू लागला, हे मी कुक्कुटपालनाची कर्जे दिलेला माणूस म्हणून सांगू शकतो. पण अंडे रोज खावे की नाही, हे मी अंडे विकणाऱ्याला विचारणार नाही.

आता आपल्या हृदयांकडे वळतो, कारण माझे खरे दुखणे तिथे आहे. १९६७ साली डॉ. एस. एल. मल्होत्रा या रेल्वेच्या डॉक्टरांनी देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांतल्या हृदयविकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. दूध-तुपाची चरबी कितीतरी अधिक खाणाऱ्या पंजाबी कामगारांपेक्षा दक्षिणेतल्या कामगारांत हा विकार अनेक पटींनी जास्त निघाला. एकाच पदार्थाकडे बोट दाखवून भागत नाही, हे तेव्हाच दिसले होते. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा इंटरहार्ट हा अभ्यास आला. पहिल्या झटक्यांची नव्वद टक्क्यांच्या वर कारणे त्याने नऊ बाबींत बसवून दाखवली. त्यांत तंबाखू होती, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, व्यायामाचा अभाव, फळे-भाज्यांची कमतरता आणि मद्याचा मुद्दा होता. अंडे त्या नऊ जणांत नाही. त्याच अभ्यासातून पुढे असे निघाले की आपल्या उपखंडातल्या माणसाला पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना एकोणसाठीच्या आसपास. सहा वर्षे आधी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुलीचे लग्न आणि घरकर्जाचे शेवटचे हप्ते शिल्लक असताना.

माझ्या शाखेतला एक सहकारी सत्तेचाळिसाव्या वर्षी मार्चअखेरच्या रात्री खुर्चीतच गेला. जन्मात अंड्याला शिवला नव्हता. दिवसाला बारा चहा, ड्रॉवरमध्ये तंबाखूची पुडी, रात्री नऊपर्यंत बैठक. त्याच्या घरी भेटायला आलेली माणसे हळहळून म्हणत होती, ''इतका शुद्ध शाकाहारी माणूस, आणि त्याला कसा झटका?'' त्या वेळच्या मिठाईत, फरसाणात आणि खारी-बिस्किटांत वनस्पती तूप असे. त्यातल्या ट्रान्स चरबीने हृदयाचे जितके वाटोळे केले तितके कुठल्या कोंबडीने केले नसेल. तेला-तुपातल्या त्या चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे आली ती २०२२ च्या जानेवारीत. वनस्पती तुपाचा डबा आमच्या स्वयंपाकघरात, देवघराशेजारी, मानाने बसलेला होता. अंड्याचा तवा परसात होता.

तर मी काय करतो? मला मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी आहे, एल.डी.एल. बेताचे आहे. मी दिवसाआड एक अंडे खातो, बलकासकट, उकडून किंवा थोड्या तेलात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ साली निरोगी माणसाला रोज एक अंडे चालेल असे म्हटले आहे, म्हणजे मी त्यांच्याही मागे आहे. बायकोला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. ऑस्ट्रेलियात मधुमेह असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावरच्या लोकांना तीन महिने आठवड्याला बारा अंडी देऊन पाहिली, तेव्हा त्यांचे कोलेस्टेरॉल बिघडले नाही. पण तीन महिने म्हणजे फार थोडे, आणि १९९९ च्या पाहणीतली ती नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या डॉक्टरांनी आठवड्याला तीन सांगितली आहेत, ती तीनच खाते. ज्यांच्या घराण्यात तरुणपणीच झटके आले आहेत, ज्यांचे एल.डी.एल. मुळातच चढे आहे, किंवा ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलेला आहे, त्यांनी माझा लेख बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती अंडे निर्दोष ठरले म्हणून सोडू नये. एका ओळखीच्या गृहस्थांनी असे खरेच केले होते.

आई आता एकोणनव्वद वर्षांची आहे आणि आमच्याकडे असते. माझी नात पाच वर्षांची. शाळेच्या डब्यात तिला उकडलेले अंडे हवे असते, आणि सकाळच्या घाईत ते सोलायचे काम कसे कोण जाणे, गेल्या वर्षापासून आईकडे आले. ती ओट्याशी स्टुलावर बसते, अंडे वाटीतल्या गार पाण्यात बुडवते आणि टरफल एवढे निगुतीने काढते की पांढऱ्यावर एक ओरखडा उठत नाही. मग साबणाने दोनदा हात धुते. स्वतः ती कधी खाणार नाही, आणि आम्ही तिला आग्रह करत नाही.

परवा टेकडीवरची हकीकत मी बायकोला सांगत होतो, तेव्हा आई सोलता सोलता ऐकत होती. तिने मध्येच विचारले, ''म्हणजे ह्यांची अंडी उगीच बंद केली होती का रे?''

मी म्हणालो, ''उगीच असं नाही. तेव्हा डॉक्टरांना तेवढंच माहीत होतं. पण बंद व्हायला हवी होती ती सिगारेट.''

ती थोडा वेळ गप्प राहिली. वाटीतले पाणी तिने मोरीत ओतले.

''अंडी माझ्या हातात होती,'' ती म्हणाली. ''सिगारेट कुठं होती माझ्या हातात?''

मग तिने अंडे पुसून डब्यात ठेवले आणि नातीला हाक मारली.